टाकीच्या तळाचं डिझेल

बंदरावरच्या तेलडेपोत त्याला सगळे डिपकाका म्हणत. टाकीवर चढायचं, वरच्या तोंडातून खुणा केलेला लांब गज आत सोडायचा, वर ओढून तो कुठवर भिजला ते बघायचं आणि खाली ओरडून आकडा सांगायचा. याला डिप घेणं म्हणत. एकतीस वर्षं त्याने एवढंच केलं. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण डिपकाकाच्या आकड्यावर कुणी ब्र काढला नाही. त्याचा त्याला जरा माजही होता, आणि तो त्याला शोभायचा.

त्या वर्षी आकडा रोज खाली यायला लागला. टाकीच्या माथ्यावरून समुद्रात नांगर टाकून उभं असलेलं तेलाचं जहाज दिसायचं. बारा दिवस झाले तरी ते थेंबभर तेल उतरवायला तयार नव्हतं, कारण देशाच्या तिजोरीतले डॉलर संपले होते. घराच्या खिडकीतूनही ते दिसे. बायको उशीला टेकून जहाजाकडे बघत बसायची.

"अहो, आपल्या नोटा का घेत नाहीत ते?"

"घेऊन करतील काय? तेल डॉलरमध्येच विकतात. म्हणून डॉलर सगळ्यांनाच लागतो."

"असं कुणी ठरवलं?"

"ज्यांचा डॉलर, त्यांच्याच युद्धनौका तेलाच्या वाटेवर पहारा देतात. तेलवाल्या राजांच्या गाद्या त्यांच्याच जोरावर टिकल्यात. मग ते दुसऱ्याचा कागद कशाला हातात धरतील? मागच्या महिन्यात एक जण आपल्या नोटा घेऊन तेल द्यायला निघाला होता. अर्ध्या वाटेत त्या युद्धनौकांनी त्याचं जहाज अडवलं."

"बरंय म्हणजे. निदान माझ्या बिघडलेल्या किडन्या तरी स्वदेशी आहेत." ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली.

सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिस लागायचं. मागचा गुरुवार विजेअभावी बुडाला होता आणि तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला.

"काका, वीज नाही आणि जनरेटरचं डिझेलही संपलं. बारापर्यंत सोय झाली तरच काकूंना आणा."

डेपोच्या वहीत शून्य होतं. पण टाकीतून तेल ओढणारा नळ तळापासून वीतभर वर असतो आणि त्याच्याखालचं तेल वहीत धरत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वहीत शून्य आहे ना? मग मी काही बघितलं नाही."

त्याने तळाची तोटी उघडली. टाकीच्या तळाशी पाणी साचतं. ते ओळखायला गजाला एक लेप लावतात, पाणी लागलं की तो लाल होतो. लेप परदेशातून यायचा, म्हणजे पुन्हा डॉलर, आणि त्याचा डबा दोन महिने रिकामा होता. डिपकाकाने आधी पाणी वाहू दिलं, मग धार बोटांवर घेऊन चोळली, हुंगली आणि ड्रम भरला. असा ड्रम रात्रभर हलवायचा नसतो, म्हणजे उरलंसुरलं पाणी खाली बसतं. नव्या माणसांना हे शिकवून त्याचा घसा बसला होता. पण साडेदहा वाजले होते, आणि त्याचं बोट आजवर कधी चुकलं नव्हतं.

ड्रम तसाच दवाखान्यात पोचला आणि जनरेटर सुरू झाला. बायकोबरोबर आणखी चार जण यंत्रांना जोडले गेले. सिस्टरने त्याचे हात धरून आभार मानले.

चाळीस मिनिटांनी जनरेटर दोनदा ठसकला आणि बंद पडला. नळ्यांमधलं रक्त सिस्टरने हाताने चाक फिरवून पाचही जणांच्या अंगात परत घातलं. मेकॅनिकने फिल्टर उघडून वाटीत उपडा केला. तळाशी पाणी होतं.

"पंप गेला. इंजेक्टरही गेले. कुणी घातलं हे?"

डिपकाकाने वाटीतलं पाणी बोटावर घेतलं. "नवीन मिळतील ना?"

"बाहेरून मागवावे लागतील. डॉलर आहेत का तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी तो टाकीवर चढला तेव्हा जहाज नांगर उचलत होतं. डॉलरवाला दुसरा कुणी भेटला असणार. गज कोरडा वर आला. त्याने सवयीने आकडा ओरडून सांगितला आणि तिथेच तोंड झाकून रडला.

घरी बायको खिडकीशी बसली होती. समुद्र मोकळा होता. तो तिच्या पायाशी बसला.

"डिझेल मी दिलं होतं," तो म्हणाला. "पाणी माझ्या हातून गेलं."

"माहितीये. सुई टोचताना तुम्ही माझा हात धरलात, तेव्हाच डिझेलचा वास आला होता." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिने श्वास गोळा केला.

"अहो," ती म्हणाली, "त्या चौघांच्या घरी जाऊन हे सांगून या. गुरुवारच्या आधी."