काचेमागची सिस्टर

शस्त्रक्रियेत रुग्ण हाच केंद्रस्थानी असतो, असं म्हणतात. धाराशिवच्या त्या दवाखान्यात मला ते पटलं, कारण माझ्या ओटीपोटाचा क्ष-किरण फोटो घ्यायची वेळ आली की बाकी सगळे काचेमागं जात.

गर्भाशयातल्या गाठींमुळं माझं अंगावरून जाणारं रक्त थांबत नव्हतं. गर्भाशयाच्या दोन्ही धमन्या नळीवाटे आतून बंद झाल्या तर ठीक, नाहीतर गर्भाशयच काढायचं ठरलं होतं. भूल फक्त नळी घालायच्या जागेपुरती होती, मी पूर्ण शुद्धीत होते.

शिशाचा एप्रन घातलेली सिस्टर दर वेळी माझा खांदा दाबायची आणि सगळ्यांच्या आधी काचेमागं पोचायची.

"मला एकटीला सोडून पळता व्हय?" मी विचारलं.

"तुमचं आजच्यापुरतं हाय, ताई. माजं रोजचं हाय."

म्हणणं बरोबर होतं, पण ते ऐकायची ती जागा नव्हती.

उजवी धमनी बंद झाली, डावी सापडेना. सोलापूरहून आलेले डॉक्टर आता एप्रन घालून माझ्यापाशीच उभे होते, आणि चालू किरणांत शोधता शोधता आपल्या अनुभवाविषयी बोलू लागले. मग हात थांबले, बोलणं चालू राहिलं, आणि किरणं सोडणाऱ्या पेडलवरचा पायही तसाच दाबलेला राहिला.

"साहेब, बोला की," सिस्टर म्हणाली, "पण पाय उचलून बोला."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी पाय उचलला, गप्प झाले, आणि बऱ्याच वेळानं डावी धमनीही बंद झाली.

त्यांनी माझ्या धैर्याचं कौतुक केलं. सिस्टर तोवर जेवायला गेली होती.