बुधवारची पिल्लं गुरुवारी

इंग्लंडमध्ये कोंबडीची जिवंत पिल्लं घरपोच मागवता येतात, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तेच बरं होतं.

लीड्समध्ये राहून आम्हाला चौदा वर्षं झाली. मी इथल्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. बाबा गेले आणि आईला मी सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे घेऊन आले. गडहिंग्लजला तिनं परसात आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. इथे ती दिवसभर कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, खुर्चीवर बसून मागच्या लॉनकडे बघायची. टीव्ही नको, देऊळ नको, शेजारच्या पंजाबी आंटींचा चहा नको. काही विचारलं की म्हणायची, "बरी आहे की मी." तिच्या त्या 'बरी आहे'चा मला संताप यायचा आणि मग संताप आल्याची लाज वाटायची.

मार्चमधल्या एका दुपारी तीच लॉनकडे बघत म्हणाली, "एवढी जागा आणि एक कोंबडी नाही." तीन आठवड्यांत ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी लगेच लॅपटॉप उघडून पिल्लं शोधायला बसले. नवरा म्हणाला, "तुझ्या हातून कुंडीतली तुळस जगत नाही, पिल्लं काय जगवणार?" खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

साध्या टपालानं इथे पिल्लं येत नाहीत. जिवंत जनावरं पोचवणारे वेगळे कुरिअर असतात. पिल्लं विकणाऱ्या हॅचरीनं पाठवलेली माहिती मी औषधाचं लेबल वाचावं तशी वाचली. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. तेवढ्यावर दोन, फार तर तीन दिवस ते दाणापाण्यावाचून तग धरतं. म्हणून तर जन्मल्या जन्मल्या खोक्यात घालून पाठवतात. उशीर होऊ देऊ नका, हे वाक्य ठळक अक्षरात होतं. मी बारा पिल्लं मागवली. सोमवारी अंड्यातून बाहेर येणार, मंगळवारी निघणार, बुधवारी सकाळी आमच्या दारात.

आई कामाला लागली. गॅरेजमधला मोठा खोका जावयाकडून काढून घेतला, त्यात भुसा पसरला, उष्णतेचा दिवा टांगला. दिव्याखाली हाताची पालथी बाजू धरून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "खुडूक कोंबडीच्या पोटाखाली एवढंच ऊन असतं." मी आणलेला पिल्लांचा भरडा नाक मुरडत चिमटीत घेऊन पाहिला आणि मला तांदळाची कणी आणायला पिटाळलं. मी गेले, दोन दुकानं पालथी घातली. त्या दिवशी जेवताना तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. तुळशीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

मंगळवारी सकाळी ती गावाहून आणलेल्या कॅलेंडरसमोर उभी होती.

"उद्या अमावस्या आहे," ती म्हणाली. "अमावस्येला नवा जीव घरात आणू नये. परवा आणता येतील का गं?"

बाबा गेल्यापासून तो शब्द तिच्या तोंडून आला नव्हता. बाबांच्या छातीत दुखायला लागलं ती अमावस्येची संध्याकाळ होती. "आज नको, उद्या सकाळी दाखवू," असं आई म्हणाली आणि बाबांनीही मान हलवली. सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं आणि दुपारी मला इथे फोन आला. तेराव्यानंतर भांडी आवरताना आईनं मला हळूच विचारलं होतं, "आदल्या दिवशी नेलं असतं तर?" मी म्हणाले, "नाही आई, काही फरक पडला नसता." मी रोज हृदयाच्या पेशंटांची औषधं तपासते. अशा दुखण्यात एकेका तासाला काय किंमत असते, ते मला चांगलं माहीत आहे. तरी तसं म्हणाले. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

आता "कसली अमावस्या, एका दिवसात पिल्लं मरून जातील" असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते? एका दिवसानं फरक पडतो, हे वाक्य मला तिच्यासमोर उच्चारायचंच नव्हतं. मी बाहेर लॉनवर जाऊन कुरिअरला फोन लावला. पलीकडची बाई इथल्या लाडिक पद्धतीनं म्हणाली, "व्हॅन निघाली आहे, लव्ह. डेपोत एक दिवस ठेवता येईल, पण इट्स नॉट आयडियल." मी म्हटलं, प्लीज ठेवा. हॅचरीला मी कळवलंही नाही. ते नाही म्हणाले असते, म्हणूनच कळवलं नाही.

बुधवार मी हॉस्पिटलात काढला. दिवसभर त्या डेपोचा विचार करत होते. तिथे हीटर असेल का, खोका दाराजवळ ठेवला असेल का, बाहेर तर गारा पडत होत्या. आई मात्र घरी निवांत होती. तिनं मला फोन करून सांगितलं की दिवा रात्रीपासूनच लावून ठेवू या, म्हणजे भुसा गरम राहील.

गुरुवारी सकाळी येणारी व्हॅन मोटरवेवर अडकली आणि दुपारी दोनला आली. ड्रायव्हरनं खोका माझ्या हातात दिला. "जरा शांत आहेत," एवढंच म्हणाला आणि सही घेऊन निघून गेला. आतून चिवचिव येत होती, पण ती बारा पिल्लांची नव्हती.

खोका आईनंच उघडला. सात मेली होती. उरलेली पाच उबेसाठी त्या मेलेल्यांच्या अंगावर चढून बसली होती. मी एक पाऊल मागे सरले. आईचे हात मात्र थांबले नाहीत. तिनं एकेक जिवंत पिल्लू उचललं, त्याची चोच पाण्यात बुडवली, ते गिळतंय ना हे पाहिलं आणि दिव्याखाली सोडलं. पाचही झाल्यावर तिनं एक मेलेलं पिल्लू तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं त्याचं पोट चाचपलं.

"पोट रिकामं आहे," ती म्हणाली.

"गाडीत थंडी लागली त्यांना." चोराच्या मनात चांदणं. तिनं मला अजून काही विचारलंही नव्हतं.

"काल आली असती तर?"

"तरी हेच झालं असतं, आई. एका दिवसानं काही फरक पडत नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर मी भांडले असते, तेवढं मला जमतं. पण ती रागावली नव्हती.

"तेव्हाही तू असंच म्हणालीस," ती म्हणाली. "मला वाटलं, मुलगी शिकलेली आहे, औषधातलं कळतं हिला. तेवढ्यावरच दिवस काढले मी."

तिनं ते पिल्लू शेजारच्या वर्तमानपत्रावर ठेवलं आणि दुसरं उचललं. मग तिसरं. सातही पोटं तिनं एकेक करून चाचपून पाहिली, आणि तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.