पाच मागण्या आणि दोन गुरुवार

आमच्या घरी दोरीवर कपड्यांच्या शेजारी पत्रकं वाळत असायची. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात कामगार संघटनेचं काम करायचे, आणि संघटनेचं जुनाट छपाईयंत्र आमच्या खोलीत होतं, कारण दुसरं कोणी ते ठेवून घ्यायला तयार नव्हतं. बालवाडीच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, मुलगी हुशार आहे, पण 'कमळ'च्या आधी 'धिक्कार' वाचते.

पत्रकाचे बाबांचे नियम ठरलेले होते. एकच पान. पाचच मागण्या. एक खरं उदाहरण, म्हणजे वाचणाऱ्याला चटका बसतो. आणि 'विनंती' हा शब्द चुकूनही नाही.

अशा घरातल्या मुलीने नेदरलँड्समध्ये जाऊन व्यवसाय व्यवस्थापन शिकायचं ठरवलं तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शीक. मालक काय शिकतो ते आपल्याला कळायला पाहिजे." 

नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी होती आणि आम्ही बाडहूव्हडॉर्प नावाच्या गावात राहायचो. विमानतळ शेजारीच. दोन वर्षं डच शिकल्यावर मला एका व्यावसायिक महाविद्यालयात प्रवेश मिळाला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तो वर्ग होता, दर गुरुवारी सकाळी. पहिले चार गुरुवार इमारतीत गेले. मग कोरोनाने इमारत बंद केली आणि व्यवस्थापन आमच्या स्वयंपाकघरात आलं. मी टेबलाशी बसून 'नेतृत्वाच्या शैली' शिकायचे. आतल्या खोलीतून नवरा दर दहा मिनिटांनी लोकांना विचारायचा, माझी स्क्रीन दिसतेय का.

वर्गात माझी एकच मैत्रीण झाली, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. तिच्या पणज्याला बिहारमधून सुरिनामला उसाच्या मळ्यात नेलं होतं आणि तिचे आईवडील तिथून इकडे आले होते. तिची हिंदी पणज्याची, माझी टीव्हीची. आमचं जमायचं. विमानतळाजवळच्या एका पार्सल हॉलमध्ये ती अकरा वर्षं खोकी लावत होती. तिथे टीम लीडरची जागा निघाली होती. जागा तिचीच होती, फक्त आमच्या वर्गाचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी शेवटची परीक्षा, आणि परीक्षेसाठी हजेरी.

हजेरीचा नियम असा, की ज्याचा कॅमेरा बंद तो गैरहजर. कोरोनात खोकी वाढली तशी तिची गुरुवारची रजा बंद झाली होती, आणि पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची. ती एका कानात इअरफोन घालून, खोकी लावत वर्ग ऐकायची. हॉलमध्ये फोनचा कॅमेरा सुरू करायला बंदी होती. सगळ्या चौकोनांत चेहरे दिसायचे. तिचा चौकोन काळा असायचा आणि त्यातून खोकी वाहणाऱ्या पट्ट्याची घरघर यायची.

माझं रक्त उकळलं. मी पत्रक लिहिलं. एक पान, पाच मागण्या, तिसरी मागणी जाड अक्षरांत: नियम सर्वांना समान लावा. उदाहरणही दिलं, अर्थात नाव न घेता: पार्सल हॉलमध्ये राबणारी एक स्त्री काम करता करता शिकते, आणि ही व्यवस्था तिच्याकडे कॅमेरा मागते.

नवऱ्याच्या प्रिंटरवर साठ प्रती काढल्या. मग प्रश्न आला, वाटायच्या कुठे. महाविद्यालय बंद, रस्त्यावर दीड मीटरचं अंतर. लोकांच्या पत्रपेट्यांत टाकाव्यात म्हणून निघाले, तर प्रत्येक पेटीवर 'नको-नको' असा स्टिकर. पहिला नको जाहिरातींना, दुसरा फुकट पेपरांना. गल्लीच्या टोकाला जाऊन परत आले.

"अरे, आपल्या पेटीवरसुद्धा आहे!"

"मीच लावला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी," नवरा म्हणाला. "नुसते पिझ्झ्याचे कागद येतात."

बाबांना फोनवर सांगितलं. "वाचायच्या आधीच नको? दारावर लिहून?" मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या मालकालासुद्धा हे सुचलं नव्हतं."

शेवटी मी पत्रक वर्गाच्या ग्रुपवर टाकलं आणि शिक्षकांना व समन्वयक बाईंना मेल केलं. बारा अंगठे आले आणि एक बदाम. तासाभरात समन्वयक बाईंचं उत्तर आलं. तुमच्या आस्थेबद्दल आभार, मंगळवारी साडेदहाला बोलू, विषयपत्रिका सोबत जोडली आहे. शत्रूने विषयपत्रिका पाठवली तर काय करायचं, हे आमच्या घरी कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला.

"बेटी, पार्सल हॉलमधली ती स्त्री कोण?"

"तुम्हीच."

"हां. मला वाटलं, वर्गात अजून एखादी आहे."

"मी नाव नाही घातलं."

"मोठी मेहरबानी." मागे पट्टा घरघरत होता. "मास्तर मला हजर लावत होते. पहिल्यापासून. माझा आवाज आला की हजर. मी कोणाला बोलले नाही, ते कोणाला बोलले नाहीत. आता तू सगळ्यांना बोललीस."

"पण मावशी, हा तुमच्यावर अन्याय होता."

"होता ना. छान चालला होता."

मी पत्रक उघडून ते उदाहरण पुन्हा वाचलं.

"मला एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारची बैठक फार सौजन्याने झाली. प्रत्येकाने आपापल्या घरी आपापली कॉफी आणली होती. पाचही मागण्या तत्त्वतः मान्य झाल्या. नियम बदलणारी समिती मात्र परीक्षेनंतर बसणार होती. तोपर्यंत आहे तोच नियम सगळ्यांना, कोणालाही सूट नाही. "तुमच्या तिसऱ्या मागणीप्रमाणे," समन्वयक बाई म्हणाल्या, आणि त्यात टोमणा शोधूनही सापडेना. मास्तर स्वतःच्या कपात बघत होते.

परीक्षेआधी दोन गुरुवार राहिले होते. मैत्रिणीच्या चालणाऱ्या गैरहजेऱ्या आधीच संपल्या होत्या; एकही गुरुवार चुकला तर तिची परीक्षा गेली, आणि परीक्षेसोबत टीम लीडरची जागा. रजा मागितली तर सुपरवायझर म्हणाला, बदली माणूस आण. सगळा देश घरी बसून खरेदी करत होता, हॉलला माणसं पुरत नव्हती.

मी फोन केला. "मी येते तुमच्या जागी. दोन्ही गुरुवार."

"तू? आयुष्यात कधी खोकं उचललंयस?"

"छपाईयंत्र उचललंय."

"आणि तुझी हजेरी?"

"माझ्या दोन गैरहजेऱ्या शिल्लक आहेत."

"आज विचारलंस, हे बरं केलंस," ती म्हणाली. "जाड मोजे घाल. तिथले बूट चावतात."

हॉलला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत नाव घातलं आणि गुरुवारी सकाळी सहाला हॉलमध्ये उभी राहिले. वीस मिनिटांचं प्रशिक्षण झालं. पट्ट्यावरून खोकं आलं की पिनकोड बघायचा आणि त्या गावाच्या चाकांच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकायचं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी शाळेत तीन वेळा भाषण केलं होतं. आठ वाजेपर्यंत त्यातलं एकही वाक्य आठवेना. कंबर तेवढी आठवत होती.

दुसऱ्या गुरुवारी मीही एका कानात इअरफोन घातला. मास्तर हजेरी घेत होते. त्यांनी मैत्रिणीचं नाव घेतलं.

"हजर," ती म्हणाली, आणि मास्तर म्हणाले, वा, सलग दुसऱ्या गुरुवारी तुमचा चेहरा दिसतोय. मग माझं नाव आलं.

"हजर," मी म्हणाले. हातात कोणाचा तरी दिवा होता, खोक्यावर 'जपून उचला' सांगणारं काचेच्या पेल्याचं चित्र.

मास्तर थांबले. घरघर त्यांनी ओळखली असावी. "कॅमेरा?"

"बंद आहे."

"मग गैरहजर लावावं लागेल," ते म्हणाले. आवाजावरून त्यांना खरंच वाईट वाटलेलं जाणवत होतं. "नियम आता सगळ्यांना सारखा आहे."

इअरफोनमध्ये कोणीतरी खळखळून हसलं. कोण ते बघायला पडद्याची गरज नव्हती.

समितीने पुढे नियम बदलला. कामावरून वर्गाला बसणाऱ्यांना कॅमेरा बंद ठेवता येईल, त्यासाठी एक अर्ज भरायचा. बाबांना तो मराठीत वाचून दाखवला. "पहिलाच शब्द काय आहे म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी परत सांगितला: "विनंती." मग त्यांनी आईकडे फोन दिला.

मी अजून हॉलमध्येच होते. बदली म्हणून गेले आणि राहिले, माणसं पुरत नव्हतीच. निकाल लागला त्या दिवशी माझ्या पट्ट्यापाशी मैत्रीण आली, फोन पुढे धरून. पास.

मी तिला मिठी मारायला हात पसरले. तिने दीड मीटर दाखवलं.

"सोमवारपासून ही लाइन माझी," ती म्हणाली. "तोपर्यंत पिनकोड पाठ कर. तू रॉटरडॅमची खोकी वाखनिंगनला पाठवलीस. तक्रार आलीय."