न लागलेलं टिपरू

टिलबर्गमधून बातमी सुटली तेव्हा नीळकंठकाकांचं एक बोट मोडलं होतं. एनस्खेडेला पोचेपर्यंत दोन झाली. मग ग्रोनिंगनहून ऋषभदादाचा व्हॉइस मेसेज आला, "ए संहिता, तुमच्या त्या वृंदामावशीने काकांच्या हातावर ढोलाचं टिपरू घातलं म्हणे? प्लास्टर लागलं? पोलीस पण आले होते?"

सगळं खोटं. मावशीने काकांना स्पर्शसुद्धा केला नाही. मार लागला होता तो चैत्रालीला, आणि ती बातमी कोणीच फॉरवर्ड केली नाही.

वृंदामावशी म्हणजे दामोदरकाकांची बायको. दामोदरकाका आमच्या ढोलपथकात ध्वज नाचवतात. मावशी गाडी चालवते, पोह्यांचा डबा आणते आणि कोपऱ्यात बसून पेपर तपासते. ती मूळची साताऱ्याची. वकिली शिकली, लग्न करून लेस्टरला गेली आणि तिथल्या एका कॉलेजात बरीच वर्षं इंग्लंडचा फौजदारी कायदा शिकवत होती. त्यातही तिचा भाग ठरलेला, जीव जाण्याच्या अलीकडचं सगळं. ढकलणं, थोबाडीत मारणं, हाड मोडणं. मग दामोदरकाकांना इथे नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि तिची पदवी इथे कोणाच्याच कामाची राहिली नाही. आता ती एका गोदामाच्या ऑफिसात परत आलेल्या मालाच्या तक्रारी निस्तरते आणि शनिवारी लेस्टरच्या पोरांना ऑनलाइन शिकवते. तिची नक्कल सोपी आहे. चष्मा काढायचा, नाकाने लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "नेमकं काय झालं ते सांग. तुला काय वाटलं ते नंतर."

तर नेमकं झालं ते असं.

आमचा सराव रविवारी औद्योगिक वसाहतीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये असतो, कारण दुसरीकडे कुठे ढोल वाजला की शेजारी लगेच तक्रार करतात. चैत्राली दहा वर्षांची, पथकात सगळ्यात लहान. तिचा ठोका चुकला. नीळकंठकाका आम्हाला शिकवतात. ते म्हणाले, "बाळा, डिसिप्लिन," आणि हातातलं टिपरू तिच्या बोटांवर हाणलं. हे ते नेहमीच करतात. माझी बोटंही शेकलीत. या वेळी जरा जास्तच जोरात बसलं. चैत्राली ओरडली नाही. तिने हात काखेत दाबले आणि आईला डचमध्ये सांगितलं की मी इथे परत कधीच येणार नाही.

मग मोठी माणसं सुरू झाली. ही सगळी मला पाठ आहेत. तिची आई, अमृतामावशी, आवाजात गूळ घालून, "जाऊ दे गं पिल्लू, काका आहेत ना आपले." पथकाचे अध्यक्ष श्रीकांतकाका, पोटावर हात फिरवत, "आम्ही तर छड्या खाल्ल्या शाळेत. काय बिघडलं आमचं?" काय बिघडलं ते समोरच दिसत होतं. एका पोरीची बोटं सुजत होती आणि यांच्यातला एकही बर्फ आणायला उठला नव्हता.

वृंदामावशीने पेपर बाजूला ठेवले.

"नीळकंठराव, टिपरू द्या जरा."

काकांनी हसत दिलं. त्यांना वाटलं, बाईंना वाजवायचंय.

"आता हात ढोलावर ठेवा."

ठेवला. मावशीने टिपरू डोक्याच्या वर नेलं आणि सगळा जोर लावून खाली आणलं. काकांनी हात ओढला, मागे धडपडले आणि झांजांच्या ढिगात बसले. टिपरू ढोलाच्या वर वीतभर थांबलं होतं.

"लागलं?"

"ना... नाही."

"भीती वाटली?"

काका झांजा बाजूला सारत उठायला लागले.

"इंग्लंडमध्ये एवढ्यावरच गुन्हा होतो. आत्ता मार पडणार, असं समोरच्याला वाटायला लावणं. हात लागला की पुढचा गुन्हा, बोटं सुजली की त्याच्या पुढचा. चैत्रालीची सुजलीत. तिची माफी मागा."

"हे इंग्लंड नाहीये, वृंदाताई."

"इथल्या कायद्यात तरी दुसऱ्याच्या मुलांना बडवायची सोय कुठाय? दाखवा."

"अहो, आपली समजून मारतो पोरांना. तुम्ही मात्र मला चारचौघांत धमकावलंत."

आठवडाभर ग्रुपवर फक्त ती धमकी गाजली. चैत्रालीची बोटं निळी पडली. डॉक्टरांनी, इथले डॉक्टर देतात तशी, पॅरासिटामॉल दिली. श्रीकांतकाकांनी लिहिलं की वृंदाताईंनी रविवारी सर्वांसमोर माफी मागावी, नाहीतर दामोदरने ध्वज खाली ठेवावा. खाली ओळीने हात जोडलेले इमोजी. चैत्रालीबद्दल एक अक्षर नाही. मी फोन सोफ्यावर आपटला आणि सायकल काढून मावशीकडे गेले.

ती कांदा चिरत होती. कांद्यावर राग निघत होता.

"तू एवढी का पेटलीस पण?" मी विचारलं.

"मी कथक शिकायचे. बाईंनी घोट्यावर काठी मारली. घरचे म्हणाले, जाऊ दे. मी नाच सोडला. आजपर्यंत मला कोणी सॉरी म्हटलेलं नाही." तिने सुरी खाली ठेवली. "चैत्रालीला म्हणतील."

"नीळकंठकाका? दहा वर्षांच्या पोरीला? पैज."

"लागली. हरलीस तर गणपतीपर्यंत कोणाचीही नक्कल नाही."

"आणि तू हरलीस तर?"

"तर मी तुमच्या पथकात झांज वाजवीन. त्यांच्या हाताखाली."

मला ती झांजेसकट दिसायलाही लागली.

रविवारी शेड भरली होती. तमाशा बघायला जास्तच माणसं आली होती. अमृतामावशीने चैत्रालीला ओढूनच आणलं होतं. ती दाराशी हात खिशात घालून उभी. वृंदामावशी सरळ नीळकंठकाकांसमोर गेली आणि तिने चष्मा काढला.

"नीळकंठराव, मी तुमच्यावर टिपरू उगारलं. तुम्हाला भीती वाटावी म्हणूनच उगारलं. ते चूक होतं, गुन्हाच होता. मी तुमची माफी मागते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हरली, मला वाटलं. हीसुद्धा यांच्यातलीच. श्रीकांतकाका टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

पण मावशी हलली नाही. चष्मा हातात धरून ती तिथेच उभी राहिली आणि काकांकडे बघत राहिली. मग तिने दाराकडे बघितलं. सगळ्यांनी दाराकडे बघितलं.

"अहो, मी तिला प्रेमानेच..." काका म्हणाले.

"मी 'प्रेमाने' म्हटलं का?"

"नाही, पण तिचा ठोका..."

"मी 'पण' म्हटलं का?"

कोणीतरी खोकलं. जाऊ दे म्हणायला या वेळी कोणाचंही तोंड उघडलं नाही. ज्या बाईला मान खाली घालायला बोलावलं होतं, तिने ती आधीच घातली होती. काका दारापर्यंत गेले. गुडघे कुरकुरवत खाली बसले.

"चैत्राली, मी तुला मारलं. चूक केली. सॉरी."

"ओके," चैत्राली म्हणाली. हात खिशातच. मग मराठीत, "ते टिपरू मी ठेवू माझ्याकडे?"

काकांनी टिपरू दिलं. सरावभर ते रिकाम्या हाताने ताल देत होते.

परत जाताना गाडीत मी तोंड उघडलं, नीळकंठकाकांचा आवाज अगदी ओठावर आला होता, "बाळा, डिसि..." मावशीने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. गणपती अजून खूप लांब आहेत.