भावाचा फुकटचा प्रोग्राम

माझा धाकटा भाऊ मूर्ख नव्हता, हे आधीच सांगून टाकते. कारण ही हकिगत ऐकली की लोक पहिले तेच म्हणतात, अन् मग माझं डोकं फिरतं.

आर्णीच्या बसस्टँडमागे त्याचं टायपिंगचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर अन् गिऱ्हाइकासाठी एक डगमगतं स्टूल. वडील जिनिंगच्या कारखान्यात दिवाणजी, मी एका सरकारी कार्यालयात टंकलेखक. कापसाची ती वाईट वर्षं. सकाळी पेपर उघडला की कुठल्या तरी गावचा कोणी शेतकरी गेलेला असायचा, अन् थोड्या दिवसांनी त्याच घरातली बाई मदतीचा अर्ज टाइप करून घ्यायला भावाच्या दुकानात यायची. अशा बायांकडून तो पैसे घेत नसे. घेणार तरी कोणत्या तोंडानं?

त्यातली फुलसावंगीकडची एक बाई परत आली. कचेरीत अर्ज फ्लॉपीवर द्या म्हटलं होतं, तसा भावानं दिला होता. पण त्या काळी मराठी फॉन्ट ज्याचा त्याचा वेगळा. तिथल्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर उघडला तर अक्षरांच्या जागी नुसते ठोकळे. तिथल्या बाबूनं तिला सांगितलं, यात तर काहीच लिहिलेलं नाही.

"ताई, माह्यासमोर बसून तिनं सगळं सांगतलं होतं," भाऊ मला म्हणाला. "नवरा कसा गेला, लेकरं किती लहान. अन् तिकडं ते म्हणते, काहीच नाई." त्याचे डोळे भरले होते. मी उगाच दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर त्यानं प्रोग्राम लिहायला घेतला. कोणत्याही जुन्या फॉन्टमधलं मराठी टाका, कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल असं होऊन बाहेर येईल. लोडशेडिंगनं तर जीव नकोसा केला होता. लाइट असली की कॉम्प्युटर, गेली की कागदावर आकडेमोड. वर्ष उलटून गेलं तेव्हा कुठं तो नीट चालू लागला. मग पठ्ठ्यानं तो इंटरनेटवर टाकला, तोही आतल्या सगळ्या रचनेसकट उघडा. पाहिजे त्यानं घ्या, वापरा, सुधारा. याला ओपन सोर्स म्हणतात, असं त्यानंच मला समजावलं.

"अन् तुले काय भेटन?" मी विचारलं.

"त्या बाईचा अर्ज वाचता आला ना. झालं."

घ्या! असल्या माणसाशी काय डोकं लावायचं?

पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांनी तो प्रोग्राम आपल्या मालात बसवला अन् कार्यालयांना, छापखान्यांना विकला. आमच्याच ऑफिसात तसलं एक आलं. त्यात गैर काही नव्हतं, त्यानंच तर उघडा ठेवला होता. पण प्रोग्राम म्हणजे काही पाणी भरायचा पितळेचा गुंड नव्हे, एकदा घडवला अन् पिढ्यान् पिढ्या वापरला. कॉम्प्युटर नवे आले की यात काही तरी बिघडायचं, अन् दुरुस्त करणारा जगात हा एकटाच. मोठमोठ्या कंपन्यांचे मेल यायचे, 'अर्जंट आहे, आजच पाहा.' जसा काही त्यांच्या घरचा गडी! हा दुकानातलं काम बाजूला सारून त्यांचं निस्तरत बसायचा.

आमच्या बाजारात उन्हाळ्यात जिनिंगवाले पाणपोई लावत. रांजण त्यांचे, अन् ते भरणाऱ्या बाईचा पगारही तेच देत. त्यात नुसतं पुण्य नव्हतं हो. त्यांचेच हमाल, त्यांच्याकडेच कापूस घेऊन येणारे बंडीवाले ते पाणी पीत, अन् पाणी नसतं तर त्यांचंच काम अडलं असतं. मंदी आली तशी त्यांनी बाई बंद केली. रांजण मात्र ठेवले. लोक यायचे, वाकून पाहायचे, तसेच परत जायचे. ते पाहून मी भावाला म्हटलं, "तुह्यं असंच होणार हाय. रांजण सगळ्यायले पाह्यजे, भरणारीले कोणी विचारत नाई." तो हसला. मला राग आला.

मग एकदा त्यातल्याच एका कंपनीचा इंजिनियर पुण्याहून थेट आमच्या घरी येणार असं कळलं. मोठा काही बिघाड होता. मी भावाला सकाळीच बजावलं, "आज बोलाचं. वर्षाचं काही ठरवा म्हणाव, तरच पाहीन." त्याला नवीन कॉम्प्युटरांसाठी सगळा प्रोग्राम मुळातून पुन्हा लिहायचा होता, अन् वडिलांची जिनिंग बंद पडायच्या बेतात होती. घराचा भार दुकानावर आला की प्रोग्राम सुटणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"हाव, बोलतो," तो म्हणाला.

पाहुणा आला. आईनं पाटोडीची रस्साभाजी केली, वर तुपाची धार. तो पोटभर जेवला, अन् तिथंच सगळं संपलं. आमच्याकडे ताटावरून उठलेल्या पाहुण्यापुढे पैशाची गोष्ट काढत नाहीत. मी स्वयंपाकघरातून खुणा करून थकले. शेवटी मीच तोंड उघडलं तर आईनं असे डोळे वटारले की बस! भावानं बसल्या बैठकीला बिघाड काढून दिला. पाहुणा पहिल्यांदाच घरी आलेला, म्हणून वडिलांनी त्याला दुपट्टा, टोपी, नारळ दिला. त्यानं भावाला कंपनीचा टीशर्ट दिला अन् म्हणाला, "तुमच्यासारख्यांमुळेच आमचं चाललंय." बाप्पा बाप्पा! आम्हीच त्याचा सत्कार करून पाठवला.

भला माणूस होता तो, खोटं कशाला बोलू? नंतर भावानं त्याला मेल करून विचारलं, तेव्हा त्यानं वरिष्ठांकडे शब्द टाकलाही. उत्तर आलं की जी वस्तू फुकट मिळते, तिच्यावर खर्च दाखवता येत नाही. कॅन्टीनच्या चहावर दाखवता येत होता. ऑफिसातल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्यावर दाखवता येत होता. ज्याच्यावर तुमचं दुकान उभं आहे, त्याला जगवणं म्हणजे काय भीक घालणं आहे का? ती तुमचीच डागडुजी. हे मी कोणाला ओरडून सांगणार होते, अन् आर्णीतल्या बाईचं कोण ऐकणार होतं?

जिनिंग बंद पडली. भावानं दुकान विकलं अन् नागपुरात ठेकेदारामार्फत नोकरी धरली, त्याच कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायची. बाहेरचं काही काम करणार नाही, असं लिहून द्यावं लागलं. प्रोग्रामला त्यानं पुन्हा हात लावला नाही. मी विषय काढला तर म्हणायचा, "जाऊ दे ना ताई, कायले?" त्याचं ते जाऊ दे मला आजही सहन होत नाही.

पुढे आमच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले अन् जुने कागद उघडेनात. पुन्हा तेच ठोकळे. आमच्याकडचं सॉफ्टवेअर त्याच कंपनीचं, म्हणून साहेबांनी मला तिथं फोन लावायला सांगितलं. नागपुरात फोन घेणारे पुष्कळ, पण पलीकडून आवाज आला तो भावाचा.

"अरे, मी बोलून राह्यली."

"मॅडम, आपली अडचण सांगा." मग अगदी हळू, "ताई, रेकॉर्ड होते."

मी अडचण सांगितली. तो ऐकत होता. काय बिघडलं ते त्याला माझं वाक्य संपायच्या आधीच कळलं असणार.

"आपली तक्रार मी वर कळवतो."

"वर कोण हाय रे?"

मागे दुसऱ्यांचे फोन चालल्याचा गलबला ऐकू येत होता.

"कोणी नाई, ताई," तो म्हणाला. "मीच होतो."

मग घसा खाकरून, पाठ केलेल्या आवाजात, "आणखी काही मदत करू शकतो का, मॅडम?"

मी नाही म्हटलं. फोन ठेवला अन् भर ऑफिसात पदर तोंडाला लावून रडले.

"काय झालं, बाई?" साहेब घाबरून म्हणाले. "काय म्हणते कंपनी?"

"वर कळवतो म्हणते," मी सांगितलं.