साहेब म्हणाले, कॉमनवेल्थ सोडा

"हा विषय कुणी दिला?"

आमचे मॅनेजर हॅरिसनसाहेब यांनी डिबेटची नोटीस माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर मीच टाइप करून घेतलेलं वाक्य होतं : 'भारताने कॉमनवेल्थमधून बाहेर पडावे.'

"युनियननं, सर. यंदा विषय द्यायची पाळी त्यांची होती."

"आणि तुम्ही तो घेतलात?"

"त्यांनी आधी दिलेला विषय 'मुंबई कुणाची' हा होता, सर."

साहेबांनी नोटीस पुन्हा वाचली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. 'मुंबई कुणाची' यावर आमच्या भांडुपच्या कँटीनमध्ये वाद झाला असता, तर खिडकीला एक काच उरली नसती. त्यामानानं कॉमनवेल्थ लांबची. निदान मला तरी तसं वाटलं होतं.

मी त्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होतो. कारखाना रंगाचा, मालक इंग्रज कंपनी. वेल्फेअर ऑफिसर म्हणजे कामगारांच्या सोयी-गैरसोयी बघणारा माणूस. तो कायद्यानं नेमावा लागतो, म्हणून कंपन्या नेमतात. मालकांना तो युनियनचा वाटतो, युनियनला तो मालकांचा वाटतो. त्यात मी प्रोबेशनवर होतो. म्हणजे आज नोकरी आहे, उद्याचं साहेबांना ठाऊक. मुलुंडच्या वैद्यांची मालती मला पसंत होती, मीही तिला पसंत होतो. तिच्या वडिलांना मात्र पर्मनंट झालेला मी पसंत होतो, आणि तो अजून जन्माला यायचा होता.

दर वर्षी कारखान्याच्या वाढदिवसाला आमच्याकडे डिबेट व्हायचं. एका बाजूनं ठराव मांडायचा, दुसऱ्या बाजूनं खोडायचा, शेवटी श्रोत्यांनी हात वर करून मत द्यायचं. निकाल कंपनीच्या मासिकात छापून लंडनच्या ऑफिसला जायचा. एरवी विषय 'शहर बरे की खेडे' असले असत आणि लंडनला त्याचं सुखदुःख नसे. पण कॉमनवेल्थ म्हणजे ब्रिटिश साम्राज्य मोडल्यावर उरलेल्या देशांचं मंडळ. राज्य संपलं, तरी व्यापारातल्या सवलती आणि पंतप्रधानांची चहापानं चालू राहिली. आपण प्रजासत्ताक होऊनही त्यात राहिलो होतो. त्यातच इंग्लंडनं सुएझ कालव्यापायी इजिप्तवर बॉम्ब टाकले आणि 'कशाला हवी यांची सोबत' असं पानाच्या गादीवरसुद्धा ऐकू येऊ लागलं.

"लंडन आपल्या नव्या शेडचा विचार करतंय," साहेब म्हणाले. "माझ्याच कँटीननं इंग्लंडला हाकलून दिलं, तर ती शेड होईल?" मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "तुमचं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात ना?"

"होय, सर."

"छान," साहेब म्हणाले. या 'छान'चा अर्थ कळायला मला प्रोबेशन पुरलं होतं.

मी कामाला लागलो. 'बाहेर पडावे' म्हणायला सगळा कारखाना तयार होता. 'राहावे' म्हणायला माणूस मिळेना. शेवटी हेडक्लार्क रेगे यांना गाठलं. साहेब शिंकले तर हे रुमाल काढत.

"अहो कर्णिक," रेगे कुजबुजले, "राहावं हे मला मनापासून पटतं. पण ते चारचौघांत बोलायचं म्हणजे... कामगार टोडी म्हणतील, साहेबाचा हुजऱ्या म्हणतील. माझ्या सायकलची हवा सोडतील."

"मी हवा भरून देईन."

"रोज?"

रोज भरून देण्याचं कबूल करून मी त्यांना तयार केलं आणि साहेबांना सांगायला गेलो. साहेब खूश झाले. इतके खूश झाले, की खुर्चीतून उठलेच.

"कर्णिक, मी युनिव्हर्सिटीत असताना डिबेटमध्ये कधी हरलो नाही. आमच्याकडे खरा वक्ता कोणाला म्हणतात माहीत आहे? जो स्वतःच्या मताविरुद्ध बोलून जिंकतो. मी बोलणार."

"राहावे या बाजूनं, सर?"

"छे! त्यात कसली खिलाडू वृत्ती? ठराव मीच मांडणार. भारतानं बाहेर पडावं."

"सर, मग ठराव पास होईल."

"होईलच. मी हरत नाही म्हटलं ना?"

"पण लंडन... नवी शेड..."

"लंडनला खिलाडूपणा कळतो," साहेब म्हणाले आणि कागद घेऊन मुद्दे काढायला बसले. माणसाला एकदा जुनी हौस आठवली की त्याला शेडबिड काही दिसत नाही. मला मात्र मालतीच्या वडिलांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. सबंध युनियन आणि खुद्द मॅनेजर एकाच बाजूला! ठराव एकमतानं पास होणार, लंडन भडकणार, आणि लंडन भडकलं की साहेबांना कोणीतरी जबाबदार माणूस लागणार. सगळ्यात स्वस्त जबाबदार माणूस मी होतो.

युनियनचे सेक्रेटरी बाबी परब. मालवणकडचे, वयानं मोठे, आवाज मिलच्या भोंग्यासारखा. ठराव तेच मांडणार होते. त्यांना आता साहेबांच्या मागून बोलावं लागेल, हे सांगायला मी पॅकिंग खात्यात गेलो.

"साहेब काय म्हणता?" परबांनी हातातला डबा खाली ठेवला. "कॉमनवेल्थ सोडा म्हणता?"

"हो. तुमचीच बाजू."

"आमची बाजू साहेब कित्याक घेता?"

"हौस म्हणून."

"कर्णिकानू, साहेबाक हौस नसता. साहेबाक डाव असता."

इथे युनियनच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. मॅनेजमेंटकडून काहीही आलं, की आधी विरोध करायचा. का, ते मागाहून शोधायचं. कँटीनमध्ये पावाऐवजी चपात्या देऊ, असं कंपनीनं म्हटलं तेव्हा युनियननं पावासाठी सभा घेतली होती. पुढे चपात्यांची मागणीही युनियननंच केली. यात मूर्खपणा नव्हता. मालकानं आपणहून दिलेल्या वस्तूला कुठेतरी भोक असतं, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं.

संध्याकाळी गेटबाहेर कमिटी बसली. दुसऱ्या दिवशी परबांनी मला बाजूला घेतलं.

"डाव कळलो. उद्या भारत बाहेर पडलो, की कंपनी म्हणतली, आता आमचा हय काय काम? कारखानो बंद. पाचशे माणूस रस्त्यार. आणि वर म्हणतले, तुमीच हात वर केलास!"

"तसं काही नाही हो परब."

"तुमी प्रोबेशनवर आसास. तुमका कोण सांगतलो?"



डिबेटच्या दिवशी कँटीन खच्चून भरलं. साहेब कोटाला फूल लावून आले. ते इंग्रजीत बोलत आणि मी वाक्यावाक्याला मराठी करत होतो. खरं सांगतो, ते सुरेख बोलले. स्वतंत्र देशानं जुन्या मालकाच्या पंगतीत बसू नये, म्हणाले. सुएझवरून त्यांनी स्वतःच्या सरकारला असं सोललं, की भाषांतर करताना मलाच भीती वाटली. एरवी या वाक्यांना टाळ्यांनी छपराचे पत्रे उडाले असते. पण कँटीनमध्ये चिडीचूप. जितकं जोरदार वाक्य, तितका एकेकाचा चेहरा संशयानं बारीक होत होता.

रेगे उठले. त्यांनी कॉमनवेल्थचे सात फायदे लिहून आणले होते. दुसऱ्यापाशीच त्यांनी कागदाची घडी घातली.

मग परब उठले आणि चालत जाऊन रेग्यांच्या शेजारी उभे राहिले. रेग्यांनी घाबरून सायकलच्या दिशेनं पाहिलं.

"साहेबानू," परब गरजले, "दीडशे वर्सां आमी तुमका जा म्हणत होतंव. तेवा गेलास नाय. आता मशिनी हयसर, पाचशे संसार हयसर, आणि आता म्हणतास सोडा? आमी सोडूचंव नाय! नवी शेड बांधा. बोनस द्या. कच्च्या माणसांका पक्की करा. मगे खय जावचा ता बघू!"

पत्र्यांचं काय होतं ते तेव्हा कळलं. टाळ्या, शिट्ट्या, ताटं बडवणं. साहेब मला विचारत होते, "काय म्हणतोय तो? काय म्हणतोय?" मी एवढंच म्हणालो, "राहा म्हणतोय, सर."

हात वर झाले. कॉमनवेल्थ सोडण्याच्या बाजूनं एकच हात होता, तो साहेबांचा. गांधीटोपी घातलेले, तुरुंगात जाऊन आलेले, सुएझवर रोज शिव्या देणारे, सगळे राहण्याच्या बाजूला. मला हसावं की रडावं कळेना. पण नोकरी वाचली, या आनंदानं मी रेग्यांना मिठी मारली.

लंडनहून खुशीचं पत्र आलं. भारतीय कामगारांच्या समंजसपणाचं कौतुक होतं. शेड मंजूर झाली. कन्फर्मेशनचं पत्र घ्यायला मी इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"कर्णिक, मी आयुष्यात डिबेट हरलो नव्हतो," साहेब म्हणाले. "तुमचं भाषांतर कच्चं होतं. प्रोबेशन तीन महिने वाढवतोय."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. परबांना कळलं तसे ते धावत आले.

"हो अन्याय आसा! आमी मागणी करतंव. कर्णिकांका पर्मनंट करा, नायतर गेटमीटिंग!"

"नको परब, तुमच्या पाया पडतो!" मी ओरडलो. "माझं भलं करायचं असेल तर माझ्याविरुद्ध तक्रार करा."

परबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग सावकाश हसले. मालवणी माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

युनियननं लेखी तक्रार दिली : वेल्फेअर ऑफिसर कर्णिक हे उद्धट असून पूर्णपणे मालकधार्जिणे आहेत, त्यांना ताबडतोब काढून टाकावे. परबांनी ती इतकी मन लावून लिहिली होती, की वाचताना मला वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी पर्मनंट झालो. वैद्यांनी मुहूर्त काढला.

पुढे मी तीस वर्षं नोकरी केली. अमुक देशानं तमुक संघातून बाहेर पडावं की नाही, यावर लोकांना पेपरातले आकडे तावातावानं वाचून दाखवताना मी अजून ऐकतो. मी आकडे बघत नाही. ठराव कुणी मांडलाय तेवढं विचारतो, आणि चहा घेतो.