गाडीतल्या देवाचा दिवा

आबांनी जुनी व्हॅन घेतली, तेव्हा पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात आमच्या आळीला दुसरी चारचाकी नव्हती. मग काय, आमच्या वडिलांचे पाय जमिनीला लागेनात. पहिल्याच आठवड्यात मला घेऊन कोल्हापुरात शाहूपुरीत गेले आणि काचेपुढं बसवायला देवाची मूर्ती घेतली. मूर्तीमागं लाल दिव्यांची माळ.

जोडणारा वायरमन म्हणाला, "पावणं, किल्लीवर जोडतो. किल्ली काढली की दिवं बंद. थेट बॅटरीवर घेतलं तर उभ्या गाडीत बॅटरी उतरंल."

आबा भडकलेच. "देवापुढचा दिवा रोज मालवायचा व्हय? शिकवू नगंस. जोड थेट!"

मी म्हटलं, "आबा, तो कामाचं सांगतोय."

"गप बस. लई शानी झालीस."

झालं! तार थेट बॅटरीवर गेली. गाडी रोज फिरायची, म्हणून काही महिने कुणाला काही जाणवलं नाही.

माझं डी.एड. झालं होतं. कोल्हापुरातल्या एका शाळेत शिक्षिकेची एकच जागा निघाली आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं, सकाळी दहाचं. ती नोकरी मला जिवापाड हवी होती. घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि नोकरी लागली तर दोन वर्षं थांबतो, असं आबांनी कबूल केलं होतं. आठच्या एसटीनं जाते म्हटलं, तर म्हणाले, "दारात गाडी असताना एसटी? लोक तोंडात शेण घालतील की!" गाडी धुऊनपुसून तीन दिवस दारात उभी ठेवली. माझ्यासाठी, बरं का!

त्या सकाळी आबांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. मूर्तीमागचे दिवे मात्र मिणमिणत होते. शेजाऱ्यांनी पार वेशीपर्यंत ढकलली, इंजिन शिंकलंसुद्धा नाही. तोवर एसटी निघून गेली. चालत वडगाव गाठलं, तिथून दुसरी गाडी धरली आणि शाळेत पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. शिपाई म्हणाला, "झाल्या की मुलाखती, ताई. साहेब गेले."

घरी आले तर आबा निवांत चहा पीत होते. "देवाच्या मनात न्हवतं, पोरी."

असा संताप आला म्हणून सांगू! वायरमननं सांगितलेलं ऐकायचं नाही आणि खापर देवावर फोडायचं. पण मी तोंड उघडलं नाही, त्याचा राग मला अजून येतो. बॅटरी चार्ज होऊन आली, माळ होती तशीच राहिली.

सहा महिन्यांत माझं लग्न ठरलं. स्थळ चंदगडकडचं, लग्न तिकडंच. निघायच्या दिवशी गाडीत बसले, तर मूर्तीमागचे दिवे बंद. आबांनी आदल्या दिवशीच स्वतःच्या हातानं तार सोडून ठेवली होती.

"मुहूर्त चुकायला नगं," ते आईला म्हणाले, आणि गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली.